माउलीच्या झऱ्याची सुनावणी

आमच्या घरात सकाळचा उजेड एकदम येत नसे. थॉर्नलो गाव टेकडीच्या उगवतीच्या अंगाला आणि आमचे घर माथ्यापलीकडे, मावळतीच्या उतारावर. त्यामुळे गावातल्या चुलींचा धूर वर चढला तरी आमच्या अंगणात निळसर काळोख रेंगाळत असे. जून महिन्यात मी खिडकीशी बसून त्या उजेडाची वाट पाहायचो. तो आधी समोरच्या कुरणाच्या सर्वांत वरच्या गडग्यावर दिसे. चुनखडीचे दगड नुसते एकावर एक रचलेला तो गडगा रात्रभर राखेच्या रंगाचा असायचा. मग त्याच्या माथ्यावर एक बारीक दुधट रेघ उमटायची, इतकी बारीक, की डोळे मिटून उघडले तर ती खरोखर होती की नाही असे वाटावे. थोड्या वेळाने तीच रेघ मेंढ्यांच्या पाठींवर उतरे. मेंढ्यांना त्याचे काही नसे. त्या चरत राहत. मग गवत, मग दुसरा गडगा, मग उतारावरचे अ‍ॅशचे झाड. त्याची पाने आधी काळी, मग करडी, आणि अगदी शेवटी, जणू नाइलाजाने, हिरवी होत. त्या उजेडात सांगण्यासारखे काही नव्हते. तो रोज येई आणि रोज तितकाच सावकाश येई. अंगण ओलांडून तो काचेवर थांबायचा, टेबलाची कड धरायचा, आईच्या ओट-पोळ्यांच्या तव्यावरून सरकत बाबांच्या हातांवर यायचा. भिंतीकडच्या बाकावर पोचायला त्याला फार वेळ लागे. तिथे माझी बहीण थर्झा बसायची. आता उजेड तिथवर जाईपर्यंत आम्ही उरलेले तिघे उठून गेलेलो असायचो.

त्या शुक्रवारी मात्र बाबा उठले नाहीत. हातातला चहा निवू देत ते माझ्याकडे बघत होते.

"आज तुझा तो लंडनचा साहेब येणार म्हणे."

"काल संध्याकाळीच आलेत, बाबा. रेड लायनमध्ये उतरलेत."

"मग रात्रभर तिथल्या ढेकणांनी त्याला गावाची सगळी हकीकत सांगितली असेल. सुनावणी कशाला हवी?"

"अहो, पोराला खाऊ तरी द्या," आई म्हणाली.

"खाऊ दे की. आपल्याच झऱ्याला चारचौघांत नावं ठेवायची म्हणजे अंगात ताकद हवी."

माझे वडील जोसाया डॉक्सी. तरुणपणी शिशाच्या खाणीत आणि खाण बंद पडल्यावर सुतारकामात आयुष्य गेलेले. पण गावात त्यांचा मान होता तो झऱ्यामुळे. दरवर्षी मे महिन्यात, येशूच्या स्वर्गारोहणाच्या गुरुवारी, आमच्याकडे माउलीचा झरा फुलांनी सजवतात. दाराएवढ्या लाकडी फळ्यांवर ओल्या मातीचा थर द्यायचा आणि त्यात पाकळ्या, शेवाळ, बिया, भुर्जाच्या साली दाबून देवदूतांचे, मेंढपाळांचे चित्र उठवायचे. फळ्या बाबा करत, माती बाबा तुडवत, आणि पहिली पाकळीही तेच लावत. ज्या झऱ्याने दुष्काळात साऱ्या तालुक्याला पाणी दिले, त्याला कुणी वाईट म्हटले की बाबांना आपल्या आईबद्दल बोलल्यासारखे वाटे.

आणि मी त्याच झऱ्याविरुद्ध काम करत होतो. गावमंडळाच्या कचेरीत मी कारकून होतो आणि आरोग्य पाहणारे डॉक्टर फर्न यांच्या हाताखाली असे. आदल्या शरदात गावात विषमज्वराची साथ आली. थर्झा त्यात गेली. आणखीही पुष्कळजण गेले. डॉक्टरांचे म्हणणे एकच: झरा नासला आहे, काळ्या मुरमाडावरून, म्हणजे गावाबाहेरच्या उंच माळावरून, नळाने पाणी आणा. त्याला जेवढा पैसा लागत होता तेवढा गावाजवळ नव्हता, आणि लंडनच्या खात्याने मंजुरी दिल्याशिवाय गावमंडळाला कर्ज काढता येत नव्हते. ती मंजुरी द्यावी की नाही, हे ठरवायला खात्याचा निरीक्षक येऊन जाहीर सुनावणी घेतो. त्याने मान डोलावली तर पाणी. नाही तर पुढच्या शरदाची वाट पाहायची. ती कशी पाहतात हे मला ठाऊक झाले होते. मला नळ हवा होता. त्या वर्षात दुसरे काहीही मला इतके हवे नव्हते.

*

निरीक्षकांचे नाव मेजर ऑर्मरॉड टॅन्सली. उंच, किंचित वाकलेले, पिकल्या मिशांचे गृहस्थ. मी झऱ्यावरून कचेरीकडे चाललो होतो तेव्हा ते तिथे आधीच उभे होते. टोपी काखेत, कुणाच्या वाटेत येणार नाही अशा बेताने. पाण्याकडे ते बघतच नव्हते. खांद्यावर जू घेऊन, दोन्ही बाजूंना बादल्या लटकावून चढ चढणाऱ्या बायकांकडे बघत होते. ग्रॅटनबाईंनी त्यांना हटकले.

"काय हो, कधी बायामाणसं पाहिली नाहीत का?"

"पाहिलीत," मेजर गंभीरपणे म्हणाले. "पण आपण डावा खांदा जरा खाली धरता. किती वर्षं?"

ग्रॅटनबाई थांबल्या. "लग्न झाल्यापासून. नवऱ्यानं दुसरं काही दिलं नाही, हे एक दिलं."

मेजर हसले नाहीत. त्यांनी मान लववली. कुणी काही मोलाचे हाती दिले की माणूस लववतो तशी. माझ्या मनात त्या लवलेल्या मानेने घर केले, ते अजून तसेच आहे.

मेथडिस्ट प्रार्थनाघराच्या शाळाखोलीत सुनावणी भरली. मुलांच्या बाकांवर अख्खे गाव गुडघे दुमडून बसले होते. मेजर मास्तरांच्या टेबलाशी होते आणि मी बाजूला टिपणे घेत होतो. हरकतदारांचे पुढारी होते हीथकोटसाहेब, गिरणीचे आणि अर्ध्या गावातल्या घरांचे मालक. नळ आले की प्रत्येक घरामागे पाणीपट्टी बसणार, हे त्यांचे दुखणे होते. पण बोलले ते झऱ्याविषयी.

"मेजरसाहेब, या गावात माणसं दोन कारणांनी मरतात. एक म्हातारपण, दुसरं डॉक्टर फर्नचं औषध."

खोली हसली. डॉक्टरही कसनुसे हसले.

"ताप झऱ्यानं आणला नाही. रेल्वेचे मजूर त्या भाड्याच्या घरात कोंबलेत, त्यांनी आणला. आणि समजा, समजा हं, झऱ्यात काही उतरत असेलच, तर ते रेड लायनच्या तबेल्यातून. तबेल्याची मोरी बांधा, मजुरांचं घर रिकामं करा, झालं! त्यासाठी आमच्या नातवंडांच्या मानेवर कर्ज कशाला?"

"माझा तबेला तुमच्या स्वयंपाकघरापेक्षा स्वच्छ आहे!" रेड लायनचे मालक बॅगशॉ मागून ओरडले.

"म्हणूनच तुमच्याकडे जेवायला घोडे जास्त येतात," हीथकोट म्हणाले.

मेजरांनी कुणाला थांबवले नाही. हसू ओसरेपर्यंत ते खाली मान घालून बसत आणि मग जिथे बोलणे तुटले तिथून नेमके पुढे जात. प्रत्येकाला ते नावाने, सावकाश विचारत, आणि उत्तर आले की ते स्वतःच्या शब्दांत परत बोलून दाखवत, "असंच म्हणायचंय ना?" मी पाहिले, विरोधकांच्या बाजूचे म्हणणे ते विरोधकांपेक्षा चांगले मांडत. अशा वेळी हीथकोटसाहेबही ओशाळून "हो, तसंच," म्हणत.

ग्रॅटनबाई उठल्या. "पाणी वाईट आहे का ते देव जाणे. चढ वाईट आहे एवढं मी शपथेवर सांगते. नळ दारात आणा, मग बघू माउलीकडे कोण जातंय."

मग डॉक्टर फर्न यांनी डर्बीच्या रसायनतज्ज्ञाचा अहवाल वाचला. साऱ्या खटल्याचा कणा तोच होता. झऱ्याच्या पाण्यात मिठाचे प्रमाण नेहमीच्या कितीतरी पट. या डोंगरात मीठ नाही. तेव्हा ते माणसांच्या घाणीतूनच पाण्यात उतरले असणार. हीथकोटसाहेबांनी रुमाल काढून मान पुसली. आपण जिंकलो, असे माझ्या मनात आले.

आणि त्याच क्षणी माझा हात थांबला.

सजावटीची माती उन्हात तडकू नये म्हणून बाबा ती तुडवताना तिच्यात मीठ घालत. मूठभर नव्हे, पोतेच्या पोते. सप्ताह सरला की फळ्या उतरवून झऱ्याच्या दगडी टाक्यातच धुवायच्या, हाही आमचा रिवाज; माती माउलीची, ती माउलीलाच परत. यंदा फळ्या धुतल्या त्याच आठवड्यात डर्बीहून बाटली आली आणि तिच्यात पाणी भरून मीच पाठवले होते. टाके नितळ दिसत होते. तळाशी बसलेल्या मातीकडे माझे लक्ष गेले नव्हते. कसे जाणार? ती माती दरवर्षी तिथे असायचीच. थॉर्नलोच्या माणसाला ती दिसत नाही.

अहवालातले मीठ बाबांचे होते.

मी डॉक्टरांकडे पाहिले. त्यांच्या चेहऱ्यावर कित्येक महिन्यांनी रक्त आले होते. कुणाला काही सुचले नव्हते. बाबा शेवटच्या बाकावर टोपी चुरगाळत बसले होते. डर्बीच्या विद्येपुढे त्यांना आपलेच मीठ आठवले नव्हते. मी गप्प राहिलो असतो तर नळ आला असता.

"ज्यांना बोलायचं होतं ते बोलले," मेजर म्हणाले. "आता जे बोलले नाहीत त्यांच्यासाठी मी थोडा थांबतो."

आणि ते खरोखर थांबले. त्यांनी घड्याळ पाहिले नाही, कागद चाळले नाहीत. हात टेबलावर उताणे ठेवून ते बसून राहिले आणि त्या शांततेला त्यांनी कुणाच्याही बाजूचे होऊ दिले नाही. मी उभा राहिलो तेव्हा खुर्ची मागे पडली.

"साहेब, ते मीठ... ते मीठ सजावटीच्या मातीचं असू शकेल."

जे ठाऊक होते ते मी सांगितले. आधी कुणाला काही कळले नाही. मग शेवटच्या बाकावरून बाबांचा आवाज आला, आनंदाने फाटलेला:

"माझं मीठ! मेजरसाहेब, माझ्या हातचं मीठ आहे ते! दहा गावांत विचारा!"

खोली फुटली. कुणी बाके बडवली, कुणी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "डर्बीच्या पंडिताचं जोसायानं लोणचं घातलं!" असे कुणी तरी ओरडले. हीथकोटसाहेब उठून माझ्याशी हस्तांदोलन करू लागले, आणि त्या हातातून माझा हात सोडवून घ्यायचेही मला सुचले नाही. डॉक्टर फर्न यांनी अहवालाची घडी घातली. मग त्या घडीची आणखी घडी घातली.

मेजरांनी लेखणी घेऊन आपल्या कागदावर एक आडवी रेघ ओढली. "हा पुरावा मी वगळतो," ते म्हणाले. "डॉक्सी, आपला मी आभारी आहे. या खोलीत आज आपल्याइतकी किंमत कुणी मोजलेली नाही." ते हळू बोलले, पण सगळ्यांनी ऐकले. "आता हीथकोटसाहेबांचा मुद्दा उरतो. त्यांचं म्हणणं, झऱ्यात घाण उतरत असली तर जवळच्या दोन ठिकाणांहून, आणि ती बंद करता येतील. तसं असेल तर गावाला कर्जाची गरज नाही आणि मी ते देऊ नये. हे पडताळून पाहता येतं. सुनावणी तहकूब. मी इथेच राहतो."

*

त्यांच्या पेटीत पत्र्याच्या डब्यात एक तांबूस पूड होती. चिमूटभर पाण्यात पडली की सारे पाणी पोपटी हिरवे होई. प्यायले तरी अपाय नाही, असे ते म्हणाले, आणि एक पेला स्वतः पिऊन दाखवला. निरीक्षकाने असे काही करावे अशी लंडनची अपेक्षा नव्हती, हे मला पुढे कळले. राहण्याचा खर्च ते स्वतःच्या खिशातून करत होते.

पूड आधी रेड लायनच्या तबेल्याच्या मोरीत ओतली. सारे गाव झऱ्यापाशी जमले. पाणी नितळच राहिले. बॅगशॉंनी सर्वांना आपल्या खर्चाने बिअर पाजली.

मग मजुरांच्या भाड्याच्या घरामागे. तरीही काही नाही. मजुरांपैकी एकजण हीथकोटसाहेबांच्या दारावरून टोपी काढून, कमरेत वाकून, अगदी सावकाश चालत गेला.

"आता ग्रॅटनबाईंच्या चहात टाकून बघा," पोरे म्हणू लागली. हीथकोटसाहेब मात्र खुशीत होते. तबेला नाही, मजूर नाहीत. म्हणजे झरा शुद्ध आहे, आणखी काय सिद्ध करायचे राहिले? बाबा तर संध्याकाळी पहिल्यांदाच माझ्या शेजारी येऊन बसले. "तू बोललास ते चांगलं केलंस, पोरा," ते म्हणाले. वर्षभरात ते इतके मायेने बोलले नव्हते, आणि मला ते ऐकवत नव्हते.

दुसऱ्या दिवशी मेजरांनी मला टेकडीवर बरोबर नेले. ते प्रत्येक खड्ड्यापाशी थांबत, दगडातल्या भेगांत काठी घालून बघत, एखाद्या भेगेवर कान ठेवत.

"साहेब," शेवटी मी विचारले, "त्या दिवशी मी बोललो नसतो तर आपण मंजुरी दिली असती?"

"दिली असती बहुधा."

"मग गावाला पाणी मिळालं असतं."

ते गडग्यावर टेकले. "डॉक्सी, हे कर्ज तीस वर्षं फेडायचं असतं. फेडणाऱ्यांतले कितीतरी आज जन्मलेलेही नाहीत. ते हरकत घ्यायला येऊ शकत नाहीत. मी त्या खुर्चीवर बसतो ना, तो त्यांच्या वतीनं. त्यांनी उद्या विचारलं, आमच्या नावावर हे का घेतलंत, तर 'सजावटीच्या मातीतल्या मिठामुळे' असं उत्तर मला द्यायचं नाही." मग जरा वेळाने, "आणि त्यांना वाईट पाणीही द्यायचं नाही. म्हणून तर गुडघे दुखेपर्यंत चढतोय."

माथा ओलांडून ते पलीकडच्या उतारावर आले. तिथे एकच घर होते.

"इथलं पाणी या बाजूला उतरतं, साहेब," मी म्हणालो. "झरा त्या बाजूला आहे." माझ्या आवाजातली घाई माझी मलाच ऐकू आली.

"जमिनीवरचं पाणी, हो," ते म्हणाले.

बाबा अंगणात रंधा मारत होते. मेजरांनी सांडपाण्याबद्दल विचारल्यावर ते अभिमानाने त्यांना मागे घेऊन गेले. तिथे शिशाच्या जुन्या खाणीचे उभे भोक होते. बाबांनी त्यावर फरशी बसवून घराची मोरी आणि शौचकूप दोन्ही त्यात सोडले होते. "तालुक्यात असं काम दुसरं दाखवा," ते म्हणाले. "ना वास, ना माशी. जातं ते डोंगराच्या पोटात जातं. परत कुणी पाहिलेलं नाही."

मेजरांनी टोपी काढली. "डॉक्सीसाहेब, इथे पूड टाकायला आपली परवानगी मागायची आहे. नाही म्हणालात तर मी आग्रह धरणार नाही, आणि तसं लिहिणारही नाही."

बाबांनी स्वतः वाकून फरशी उचलली. "घाला. माउलीसाठी चाललंय सगळं. माझ्या घरात लपवण्यासारखं काही नाही."

*

ग्रॅटनबाई आमच्या दाराशी आल्या तेव्हा त्यांच्या खांद्यावर जू नव्हते. "जोसाया," त्या एवढेच म्हणाल्या, "चल जरा."

झऱ्याभोवती गाव गोल उभे होते. दगडातून नेहमीच्याच गोड आवाजात पाणी येत होते, आणि ते हिरवे होते. वसंतातल्या कोवळ्या पानासारखे, चर्चच्या काचेतल्या हिरव्यासारखे. खरे सांगायचे तर सुंदर होते. दगडी टाके काठोकाठ भरले होते. बाबांनी त्यात हात बुडवला, ओंजळ वर घेतली आणि बोटांतून ती गळून जाईपर्यंत पाहिली. मग हात विजारीला पुसले. त्यांना वाट करून द्यायला माणसे मागे सरली, पण ते कुठेच गेले नाहीत. मेजर येऊन त्यांच्या शेजारी उभे राहिले. दोघेही टोप्या हातात धरून.

सुनावणी पुन्हा भरली. हीथकोटसाहेब सर्वांत आधी उठले.

"सापडलं तर! डॉक्सीची मोरी बुजवा आणि मिटवा. आता तर कर्जाचं नावच नको."

"हीथकोटसाहेब," मेजर म्हणाले, "सर्वांत जवळची दोन ठिकाणं आपण सुचवलीत, त्यातून काही आलं नाही. जे सर्वांत दूर, टेकडीच्या पलीकडे, कुणाच्या स्वप्नातही नव्हतं, तिथून आलं. याचा अर्थ मी असा घेतो की हा खडक चाळणीसारखा पोखरलेला आहे. आज एक मोरी बुजवाल. उद्या कोण कुठे खड्डा खणेल आणि ते कुठून झऱ्यात येईल, हे इथे कुणी सांगू शकेल? सांगू शकत असेल त्यानं उठावं. मी थांबतो."

ते थांबले. या वेळी कुणी उठले नाही.

हीथकोटसाहेबांना हार मानवत नव्हती. "ठीक आहे. पण मग हेही विचारा! डॉक्सीच्या मोरीतून ताप आला, तर त्या घरात तो आधी कुणाला होता? मजुरांवर आळ आला, आता डॉक्सींचंही नाव येऊ द्या. कारकुनाला विचारा, इथेच बसलाय!"

माझी लेखणी कागदावर टेकलेली होती आणि तिच्याखाली शाईचा ठिपका वाढत चालला होता. मेजरांनी माझ्याकडे पाहिले. फार थोडा वेळ. त्या नजरेत सगळे होते. प्रश्न नव्हता.

"तो प्रश्न माझ्यापुढे नाही," ते म्हणाले. "लंडननं मला पाण्याविषयी विचारायला पाठवलंय. माणसांविषयी नाही. आपण बसा."

ते ज्या आवाजात म्हणाले, तो ऐकून हीथकोटसाहेब बसले.

मग बाबा उभे राहिले. त्यांनी घसा खाकरला, बाकाची कड धरली. "माझी हरकत होती. ती मी मागे घेतो. सजावट आम्ही करतच राहू. माउलीचा काही दोष नाही." एवढे बोलून ते खाली बसले, आणि शेजारच्या बॅगशॉंनी, जे कधी कुणाला हात लावत नसत, त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

मेजर दुपारच्या गाडीने गेले. त्यांची पेटी घेऊन मी स्टेशनापर्यंत आलो होतो. कर्ज द्यावे अशी शिफारस आपण करत आहोत, असे त्यांनी मला वाटेत सांगितले, आणि पुढे त्याप्रमाणे मंजुरीही आली. काळ्या मुरमाडावरून नळ उतरले, ग्रॅटनबाईंनी आपले जू जाळून त्यावर चहा केला. पण त्या दुपारी मला विचारायचे होते ते वेगळेच होते, आणि फलाटावर, इंजिनाच्या वाफेत, मला ते विचारता आले नाही. त्यांनीच माझा हात हातात घेतला.

"अहवालाला लागतं तेवढं सगळं मला मिळालं आहे," ते म्हणाले. "बाकीचं ज्याचं त्याच्यापाशी राहू दे. जपून राहा."

मी टेकडी चढून परत निघालो. असा न्याय करणारा माणूस मी आधी पाहिला नव्हता आणि नंतरही क्वचितच पाहिला. हाती जेवढा अधिकार दिला आहे त्याच्या पलीकडे त्याने बोटही ठेवले नाही. त्याने मला विचारले नाही, म्हणूनच वाटेत मला स्वतःला विचारावे लागले. माथ्यावर पोचलो तेव्हा आमच्या घराचा धूर दिसत होता. आई मोरीशी भांडी घासत असावी. थर्झा सप्टेंबरच्या शेवटी अंथरुणाला खिळली. मजूर त्याच्या थोडे आधी. आम्ही तारखा पुष्कळदा मोजल्या होत्या, आणि प्रत्येक वेळी सप्टेंबरपासून.

ऑगस्टमध्ये मी डर्बीला परीक्षेला गेलो होतो आणि परत आलो तो अंगात कणकण घेऊन. घरात त्या कणकणीला उन्हाळ्याचा थकवा म्हणत. तीन आठवडे मी खिडकीशी पडून होतो, आणि माझी शौचाची भांडी आई मागच्या मोरीत रिकामी करत होती.

गावात ताप सर्वांत आधी मला आला होता.